तारीख लवकरची, तरी पाऊल का अडते?

शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविलेले रुग्ण घरीच का थांबतात : किकवी परिसराच्या निमित्ताने

पुणे-सातारा महामार्गावरील किकवी हे भोर तालुक्यातील गाव. उत्तरेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर पुणे, दक्षिणेला नीरा नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातील शिरवळ. नकाशा पाहिला तर येथील रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी ताटकळण्याचे काही कारण दिसत नाही. तरीही हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातील खडे, अंग बाहेर येणे असे 'आज नाही तर उद्या' म्हणून ढकलले जाणारे आजार महिनोन् महिने अंगावर काढणारी माणसे भोर आणि वेल्ह्याच्या गावोगावी भेटतात. (वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो.) त्यांतील अनेकांना डॉक्टरांनी एकदा तरी सांगितलेले असते, की येथे थांबलात तर वेळ लागेल, मोठ्या रुग्णालयात गेलात तर लवकर होईल. तशी चिठ्ठीही दिली जाते. रुग्ण ती घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी जातो.

या नकाराचे कारण विचारले, की ठरलेली दोन उत्तरे मिळतात. एक अज्ञान, दुसरे भीती. दोन्हींत थोडे तथ्य आहे. मात्र ही दोन उत्तरे देऊन विषय संपविला, की ज्याने नकार दिला त्याचा हिशेब तपासण्याची गरज उरत नाही. तो हिशेब मांडून पाहिला तर बहुतेक वेळा बरोबर येतो, हीच यातील खरी अडचण आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. ग्रामीण भागात उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि त्यावर जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. सपाटीच्या भागात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा तिचा मूळ निकष. खालच्या पायरीवर जे होणार नाही त्यासाठी रुग्णाला वरच्या पायरीवर धाडायचे, यालाच आरोग्य खात्याच्या भाषेत 'संदर्भ सेवा' म्हणतात. शस्त्रक्रियेच्या बाबतीत ही पायरी बहुधा भूलतज्ज्ञापाशी अडते. शस्त्रक्रियागृह आहे, शल्यचिकित्सकही आहे, पण भूल देणारा तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशीच येणार असेल तर प्रतीक्षा यादी लांबते. अशा वेळी रुग्णाला जिथे भूलतज्ज्ञ रोज हजर असतो तिथे पाठविणे हा कागदावरचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

कागदावर सोपा असला तरी हा प्रवास एका घरातून दुसऱ्या घरात नव्हे, तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात होत असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. भोरचे किंवा वेल्ह्याचे सरकारी रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. रुग्णाला हे भेद ठाऊक नसतात आणि असण्याचे कारणही नाही. परंतु त्याचे परिणाम मात्र त्यालाच भोगावे लागतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातील सरकारी रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही बातमी सर्वांनी वाचली. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता, ही त्यातील बारीक ओळ फारशी कोणी वाचली नाही. खालच्या रुग्णालयात पैसे न भरता तपासणी झालेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर पावती फाडावी लागली, की रक्कम किरकोळ असली तरी त्याच्या मनात पहिली शंका तिथेच येते.

दुसरी शंका येते ती केसपेपरपाशी. नव्या रुग्णालयात नवा केसपेपर निघतो, नवे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतात, रक्त-लघवीची तपासणी पुन्हा सांगितली जाते. वैद्यकीयदृष्ट्या यात काही चूक नाही. जो शस्त्रक्रिया करणार त्याने स्वतः खात्री करून घेणे योग्यच आहे. मात्र रुग्णाच्या दृष्टीने तो एका रांगेत पुढे सरकलेला होता आणि आता दुसऱ्या रांगेच्या शेवटी उभा आहे. ही दुसरी रांग वेगाने सरकते, हे त्याला कोणी पटेल अशा शब्दांत सांगितलेले नसते. 'टोलवाटोलवी' हा शब्द अशाच अनुभवांतून रूढ झाला आहे.

सोबत कोण येणार?

किकवीजवळच्या एखाद्या वाडीतील सत्तरीचे आजोबा डोळ्यांपुढे आणू. त्यांना हर्निया आहे, शस्त्रक्रिया पुण्याला लवकर होईल असे सांगण्यात आले आहे. एस.टी.त पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे, पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे आजोबांचे तिकीट हा मोठा प्रश्न नाही. मात्र ते एकटे जाणार नाहीत. त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलाला पूर्ण तिकीट आणि त्या दिवसाचा रोजगार असे दोन्ही सोसावे लागते. तो शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असेल तर एका खाड्याने भागेलच असेही नाही.

आता खेपा मोजा. पहिल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग. दुसऱ्या खेपेला तपासण्यांचे निकाल. तिसऱ्या खेपेला भूल देण्यास शरीर योग्य आहे की नाही याची तपासणी. त्या दिवशी रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली तर गोळ्या घेऊन परत या, असे सांगितले जाते आणि एक खेप वाढते. मग भरती, मग घरी सोडणे, मग टाके, मग फेरतपासणी. सहा-सात खेपा सहज होतात. प्रत्येक खेपेला दोन माणसे. महामार्ग दारात असणे आणि गाडी दारात थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्या किकवीवरून वेगाने निघून जातात आणि भोरहून पुण्याला जाणारी गाडी कापूरहोळला महामार्गाला लागते, म्हणजे किकवी तिच्या वाटेवर येतच नाही. स्वारगेटला उतरल्यावर ससूनपर्यंत पुन्हा शहर बस किंवा रिक्षा. औंधला जायचे तर आख्खे पुणे ओलांडायचे. सकाळची बाह्यरुग्ण नोंदणी गाठायची तर घरून पहाटेच निघावे लागते.

ही बेरीज एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्या पारड्यात 'चार महिने थांबा' हा शब्द टाकला, तर शेतकरी किंवा मजूर कुटुंब चार महिने थांबणेच पसंत करते. थांबण्याला रोख पैसा लागत नाही, जाण्याला लागतो. दुखणे सोसण्याची किंमत घरात कोणी रुपयांत मांडत नाही. विशेषतः दुखणे घरातील म्हाताऱ्या माणसाचे किंवा सुनेचे असेल तेव्हा.

सरकारी योजनांनी शस्त्रक्रियेचा खर्च बराच उचलला आहे, हे मान्य केले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात पुणे नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला ९७१ उपचार आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ही मर्यादा पाच लाखांवर गेली आणि सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना योजना खुली झाली. योजनेच्या मूळ पॅकेजमध्ये खाट, औषधे, तपासण्या, जेवण आणि रुग्णालयातून घरी परतण्याचे एकवेळचे एस.टी.चे किंवा दुसऱ्या वर्गाच्या रेल्वेचे भाडे धरलेले होते. परंतु हे भाडे कोणाचे? केवळ रुग्णाचे. पोट शिवलेल्या माणसाला हाताला धरून बसमध्ये चढविणारा जो कोणी असेल, त्याचा या पॅकेजमध्ये उल्लेख नाही.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र सरकारने हा विचार वेगळ्या पद्धतीने केला होता. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर महिलेला घरून रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणे आणि बाळासह घरी परत सोडणे या तिन्ही प्रवासांची मोफत सोय धरलेली आहे. गावातील आशा कार्यकर्ती सोबत जाते. याउलट जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह राज्यात आलेली १०८ क्रमांकाची सेवा आहे ती आणीबाणीसाठी. महामार्गावरील अपघातात तिचे मोल मोठे आहे. पण हर्नियाची तारीख मिळालेल्या आजोबांना ती न्यायला येत नाही आणि कोणालाच घरी परत सोडत नाही. नेण्याची सोय आहे, आणण्याची नाही, हे गावकऱ्यांना पक्के ठाऊक असते.

'ससूनला हलविण्यात आले'

भीतीविषयी बोलायचे तर थोडी कबुली आम्हा वृत्तपत्रवाल्यांनीही दिली पाहिजे. 'पुढील उपचारांसाठी त्यास ससूनला हलविण्यात आले' हे वाक्य जिल्ह्याच्या पानावर किती वेळा छापले गेले असेल, याची गणती नाही. ते येते अपघाताच्या, जळिताच्या, विषबाधेच्या बातमीत आणि पुष्कळदा पुढचे वाक्य मृत्यूचे असते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिलेले हे रुग्णालय आजूबाजूच्या अनेक जिल्ह्यांतील गरिबांचा आधार आहे. तिथून हजारो लोक बरे होऊन घरी येतात, त्याची बातमी होत नाही. परिणामी ज्याला साध्या शस्त्रक्रियेसाठी तिथे जायला सांगितले जाते, त्याला वाटते की आपले दुखणे हाताबाहेर गेले. लवकर तारीख मिळते आहे हे सांगणाऱ्याच्या मनात असते, तर ऐकणाऱ्याच्या मनात 'इथल्या डॉक्टरांनी हात टेकले' असा अर्थ उमटतो.

त्यात आणखी काही गोष्टी मिसळतात. शिकाऊ डॉक्टर आपल्यावर हात साफ करतील, रक्त देण्यासाठी माणसे आणा म्हणतील, या भीती गावात जुन्या आहेत. एक भीती बोलून दाखविली जात नाही. परगावी काही बरेवाईट झाले तर देह गावी आणायचा कसा, खर्च कोण करणार? आपल्या घरापाशी मरण यावे, ही म्हाताऱ्या माणसाची इच्छा असते, आणि प्रतीक्षा यादी आखणाऱ्याच्या तक्त्यात तिला जागा नसते.

महिलांच्या बाबतीत हा गुंता अधिक घट्ट आहे. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली स्त्री तो वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाही. सांगितला तर तपासणारी बाई डॉक्टर हवी असते. भोरच्या एखाद्या ओळखीच्या डॉक्टरबाईंपाशी तिने मन मोकळे केलेले असते, आणि नेमके त्याच वेळी तिला पुण्याची चिठ्ठी मिळते. पुन्हा नव्या माणसांपुढे तेच सांगणे तिला नको असते. शिवाय तिच्यासोबत बाईमाणूसच हवे. दोन बायका घराबाहेर गेल्या तर चूल कोण पेटविणार, जनावरांचे शेण-पाणी कोण करणार? शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वजन उचलायचे नाही, असे सांगितले जाते. हंडा आणि भारा हे वजनच आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून भात लावणी उरकू दे, मग सुगी होऊ दे, मग मुलाचे लग्न होऊ दे, असे करीत तारीख पुढे जाते. भोरच्या पश्चिम पट्ट्यात आणि वेल्ह्यात जुलैमधील लावणीच्या दिवसांत शस्त्रक्रियेची लवकरची तारीख देणे म्हणजे ती नाकारली जाणार हे ठरवूनच देण्यासारखे आहे. आणि दिवाळीनंतर थंडीत जखम चांगली भरते, ही समजूत पूर्वीपासून आहेच.

असे असले तरी नेहमीच्या रुग्णालयात थांबून राहणे निर्धोक असते, असा याचा अर्थ नाही. हर्निया अडकला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग रात्री-अपरात्री धावपळ करीत तीच शस्त्रक्रिया अधिक जोखमीने करावी लागते. मोतीबिंदू 'पिकू द्यावा' ही जुनी समजूत कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेत लागू पडत नाही. तो फार पिकला तर डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती वेगळीच. नकाराचा हिशेब बरोबर येतो तो फक्त आजच्या खर्चापुरता, हे डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

लंडनमध्येही काही जण थांबलेच

हा प्रश्न केवळ गरिबीचा असता तर श्रीमंत देशांत तो दिसला नसता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत शस्त्रक्रियांची प्रतीक्षा यादी ही जुनी डोकेदुखी. तेथे २००२ पासून लंडनमध्ये एक प्रयोग झाला. सहा महिन्यांहून अधिक काळ वाट पाहण्याची वेळ येणाऱ्या रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयात लवकर शस्त्रक्रियेचा पर्याय देण्यात आला. प्रवासाची मोफत सोय होती, समजावून सांगणारा खास सल्लागार होता, उपचारांना पैसा लागणार नव्हता. पर्याय दिलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांनी तो स्वीकारला. म्हणजे एवढ्या सोयी करूनही तिघांतला एक जण आपल्याच रुग्णालयात थांबला. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी त्याच वर्षी सुरू झालेल्या योजनेत तर सुमारे निम्म्यांनीच दुसरे रुग्णालय निवडले. प्रयोगाबरोबर झालेल्या पाहणीत असे दिसले, की वयस्कर, कमी शिकलेले आणि लहान मुलांची जबाबदारी असलेले लोक दूर जाण्यास अधिक नाखूष असतात. ही यादी किकवीत बसून लिहिली असती तरी वेगळी झाली नसती.

दक्षिण भारतातील मोतीबिंदूच्या कामाने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतील एका अभ्यासात आढळले, की नेत्रशिबिर जवळ भरूनही डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी शेकडा सातच्या आसपासच लोक तिथे गेले. शस्त्रक्रिया मोफत असणे पुरेसे नव्हते. त्याआधी, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, जिथे शस्त्रक्रियेबरोबर जेवण आणि प्रवासाचाही खर्च उचलला गेला आणि जिथे आधी शस्त्रक्रिया झालेला माणूस घरोघरी जाऊन बोलला, तिथे प्रतिसाद अधिक मिळाला. भाषण करणाऱ्यापेक्षा स्वतःचा डोळा उघडून दाखविणाऱ्यावर लोकांनी विश्वास ठेवला, हे समजण्यासारखे आहे.

पुणे जिल्ह्याला हा धडा अनोळखी नाही. हडपसरजवळ महंमदवाडी येथे पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. गावात तपासणी शिबिर घ्यायचे, निवडलेल्या रुग्णांना गाडीत बसवून रुग्णालयात न्यायचे, तिथे राहण्या-जेवणाची सोय करायची आणि शस्त्रक्रियेनंतर गावात आणून सोडायचे, ही नेत्र रुग्णालयांची पद्धत ग्रामीण भागात परिचित झाली आहे. तिच्यात रुग्ण दूर जातोच, पण एकटा जात नाही. एका गावचे आठ-दहा जण एका गाडीत असतात, एकमेकांची सोबत असते, घरच्या माणसाला खाडा करावा लागत नाही आणि परतीची गाडी ठरलेली असते. जो आजोबा हर्नियासाठी पुण्याला जाण्यास 'नाही' म्हणतो, तोच मोतीबिंदूच्या गाडीत आनंदाने चढलेला असतो. माणूस तोच. मग त्याला अडाणी कसे म्हणायचे?

हर्निया किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेला ही पद्धत जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण तिथे भूल, रक्त आणि अधिक दिवसांचा मुक्काम आहे. तथापि काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत. सर्व तपासण्या आणि भूलपूर्व तपासणी खालच्याच रुग्णालयात करून मोठ्या रुग्णालयाने त्या मान्य केल्या, तर निम्म्या खेपा वाचतील. टाके काढणे आणि फेरतपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. तालुक्यातील पाच-सहा रुग्णांना एकाच दिवसाची तारीख आणि एकच गाडी दिली तर सोबतीचा प्रश्न बराच सुटेल. आणि भूलतज्ज्ञाला पुण्याहून भोरला आठवड्यातून एकाऐवजी तीन दिवस आणणे, हे शंभर रुग्णांना भोरहून पुण्याला पाठविण्यापेक्षा महाग पडते काय, याचा हिशेब एकदा खात्याने मांडून जाहीर करावा. आमच्या मते तो पडणार नाही.

तोवर ज्यांच्या हातात अशी चिठ्ठी आहे त्यांच्यासाठी काही माहिती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाला आपल्याच जिल्ह्यातील रुग्णालयात जाण्याचे बंधन नाही. राज्यातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात, त्यामुळे किकवीच्या रुग्णाला नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्याचा पर्यायही खुला आहे. शिधापत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र यांवरील नावे जुळतात की नाही, हे निघण्यापूर्वी पाहावे. नावातील फरकामुळे अनेकांची पहिली खेप वाया जाते. संलग्न रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र असतो, मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, आधी त्यांना भेटावे. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : तिथे कोणत्या वारी आणि कोणाला भेटायचे, येथील कोणत्या तपासण्या तिथे चालतील, आणि टाके येथे काढता येतील काय. तिथे जाऊन पुन्हा थांबावे लागणार असल्याचे समजले, तर येथील यादीतील आपला क्रमांक तसाच ठेवला जाईल काय, हेही चिठ्ठी घेतानाच विचारून त्याची नोंद केसपेपरवर करून घ्यावी.